एका वीरगळापासून सुरुवात कर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सहावीला गावचा इतिहास शिकवायचा तर सुरुवात कुठून, असं विचारलंयस. गावाच्या स्थापनेपासून तर मुळीच नको. तिथे हाती लागतात त्या दंतकथाच. देवळाबाहेर पारापाशी उभा आहे तो वीरगळ घे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. एकच दगड, दोन तासिका.

वीरगळ खालून वर वाचायचा, हे मुलांना आधी सांग. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. शेजारी गाई कोरल्या असतील तर गोधन राखताना तो पडला, असं समजतात. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, आणि वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहील. बांगड्या घातलेला, कोपरात वाकलेला हात दिसला तर ती सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या आठवणीची. गाढव दिसलं तर गधेगाळ. तो दानपत्र मोडणाऱ्याला दिलेला शाप. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. त्यांचा फोटो नक्की दाखव, मुलं हरखतात.

वेळ उजेड बघून ठरव. पूर्वाभिमुख दगडावर सकाळचं ऊन समोरून पडतं आणि कोरीवकाम सपाट दिसतं. तिथे अकरा-साडेअकराला जा, म्हणजे ऊन कडेने घसरतं. दगड सावलीत असेल तर एका मुलाला उन्हात आरसा धरून बाजूने कवडसा टाकायला लाव; पुसट आकृत्याही उठून येतात. रेषांत खडू भरू देऊ नकोस. दगड खराब होतोच, शिवाय मुलं नसलेली रेषही भरतात. शेंदूर किंवा ऑइलपेंट खरवडायचा नाही. लोक पूजा करतात, म्हणून गुरवांना आदल्या दिवशीच विचारून ठेव.

पाच-पाच मुलांचे गट कर: एक गट मापं घेईल, एक चित्र काढेल, एक म्हाताऱ्या माणसांशी बोलेल. उंची लिहिताना ‘जमिनीवरची’ हा शब्द हवाच, कारण तळाची चौकट बऱ्याचदा मातीत गाडलेली असते. मग ‘लढाई नाहीच’ असा निष्कर्ष निघतो. उकरायचं मात्र नाही.

वहीच्या पानावर तीन रकाने आखून घे: दिसलं, ऐकलं, अंदाज. खरी शिकवणी इथेच होते. चौथीत शिवचरित्र झालेलं असल्यामुळे मुलं दगड दिसला की ‘शिवाजी महाराजांच्या काळातला’ लिहून मोकळी होतात. देऊळ असेल तर ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं’. खोडू नकोस, ‘ऐकलं’मध्ये लिहून घे आणि विचार, दगडावर यातलं काय दिसतं? बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, तेव्हा नाव आणि साल कोरं सोडायची सवय लाव. हे मुलांपेक्षा पालकांना जड जातं. गावच्या वीराला नाव हवंच असतं.

दुसऱ्या तासिकेला वर्गातच बस आणि तिन्ही रकाने गटागटांत ताडून बघा. चित्र काढणाऱ्यांनी तलवार काढलीय आणि मापवाल्यांना काठी दिसलीय, असं हमखास होतं. त्यावर मतदान घेऊ नकोस; आरसा घेऊन पुन्हा दगडापाशी जा.

तुझा,
मित्र