कॉम्प्रेसर बंद करणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

गुहागरहून तवसाळच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका फाट्याला लागून तुमचं पंक्चरचं दुकान आहे. गेल्या जानेवारीत दोन सायकली तिथे येऊन थांबल्या होत्या. एकीचं मागचं चाक डुगडुगत होतं. एक पासष्टी ओलांडलेले गृहस्थ आणि त्यांची मुलगी. ती मुलगी मी. दुकानातून निघताना मला आवंढा आला आणि ‘थँक्यू दादा’च्या पुढे एक शब्द फुटला नाही. घरी येऊन इतके दिवस झाले तरी ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण तुम्ही त्या दुपारी जे केलंत ते आणखी चार जणांपर्यंत पोचावं असं फार वाटतं.

आधी बाबांबद्दल सांगते. त्या दिवशी तुम्ही त्यांच्याशी इतकं बोललात, तरी हे त्यांनी सांगितलं नसणार.

बाबा कऱ्हाडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. कुंभार्ली घाट चढून आलेल्या चिपळूण-गुहागरच्या गाड्या त्यांच्या हाताखालून जायच्या. ब्रेकचे लायनर जळल्याचा वास, पत्र्यावरचे हातोडे, टेस्टिंगला लावलेली इंजिनं, यात सगळी नोकरी गेली. त्या काळी कानात बोळे घालून काम करायची पद्धत कुणाला माहीत नव्हती. अशा गोंगाटानं कान जातो तो एका दिवसात जात नाही. आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. पाखरं जातात, कुकरची शिट्टी जाते, मग बोलण्यातले स, श, फ, ट जातात. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आणि लोकांना वाटतं, मोठ्यानं बोललं की काम झालं. ओरडलं की उलट ओठ वेडेवाकडे होतात आणि ओठांवरून जे कळायचं तेही जातं.

आता ते कानाला मशीन लावतात. सायकल चालवताना मात्र काढून डबीत ठेवतात, कारण वाऱ्याचा नुसता घोंगाट होतो आणि खारट हवेत, घामानं मशीन बिघडतं ते वेगळंच. थांबलो की डबी उघडायची, मशीन लावायचं, मग बोलायचं. तुमच्या दारात उभे असताना ते तेच करत होते.

रेवस ते रेडी हा कोकणचा सागरी रस्ता सायकलवर करायचा हे त्यांचं जुनं स्वप्न. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून या महामार्गाची चर्चा ऐकत आलेली ही पिढी. ज्या गावांच्या मुक्कामी गाड्या आयुष्यभर दुरुस्त केल्या ती गावं त्यांनी पाहिलीच नव्हती. मी सोबत जायचं ठरवलं तेव्हा आधी एका सायकल ग्रुपकडे नाव द्यायला गेलो. तिथल्या माणसानं माझ्याकडे बघून विचारलं, “यांना ऐकू येत नाही, मागून डंपर आला तर?” प्रश्न रास्त होता, पण त्याचं उत्तर बाबांकडे होतं. हँडलला दोन्ही बाजूंनी आरसे, डाव्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर जायचं नाही, दर थोड्या वेळानं आरशात नजर, आणि मागे मी. त्यांना कुणी विचारलंच नाही. ग्रुपनं नाव नोंदवून घेतलं नाही. आम्ही दोघंच निघालो.

आणि ते शहरातलं मोठं सायकलचं दुकान. नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. निघायच्या आधी दोन्ही सायकली सर्व्हिसिंगला दिल्या होत्या. परत घेताना बाबांनी मागच्या चाकाचे आरे जोडीजोडीनं चिमटीत दाबून पाहिले आणि सांगितलं की फ्रीव्हीलच्या बाजूचे दोन सैल आहेत, चढावर तुटतील. काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, काकांना सांगा, सगळं चेक केलंय.” मी म्हटलं, काका इथेच उभे आहेत, त्यांनाच सांगा. तर म्हणाला, “पण त्यांना ऐकू येत नाही ना?” ज्या माणसानं हयात गाड्या दुरुस्त करण्यात घालवली, ज्याची बोटं कानांपेक्षा जास्त सांगतात, त्याच्या समोर त्याच्याविषयी असं बोलायचं. बाबांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर पडले. असे प्रसंग त्यांनी इतके पचवलेत की आता ते वादच घालत नाहीत, हे मला जास्त लागतं.

दाभोळची फेरी ओलांडून धोपाव्याला उतरलो तोवर ठीक होतं. पालशेतच्या पुढच्या चढावर पहिला आरा तुटला. फ्रीव्हीलच्याच बाजूचा, अगदी हबपाशी, वाकणावर. थोड्या वेळानं त्याच्या शेजारचा. चाक ब्रेकला घासायला लागलं. मी त्या दुकानाला फोन लावला तर उत्तर मिळालं की सायकल घेऊन या, चाकच बदलावं लागेल. गुहागर तालुक्यातल्या सड्यावर भर दुपारी उभ्या असलेल्या माणसांना सांगायची ही गोष्ट. वाटेतल्या एका गॅरेजवाल्यानं तर लांबूनच हात हलवला, गिअरची सायकल आमच्याकडे नाही म्हणून. त्यानं आम्हाला फाट्यावरचं तुमचं दुकानही दाखवलं नाही. ते आंब्याखाली बसलेल्या एका आजींनी सांगितलं.

आता तुमच्या दुकानातली ती दोन-तीन मिनिटं.

कॉम्प्रेसर धडधडत होता. आत टेम्पोचं चाक काढून ठेवलेलं, टेम्पोवाला घाईत, दोन मोटारसायकलवाले ताटकळत. तोंडाला रुमाल बांधून तुम्ही ट्यूब घासत होतात. मी पुढे होऊन बोलायला सुरुवात केली, कारण एव्हाना सगळीकडे मीच बोलत होते. तुम्ही मान वर केलीत. बाबा उजव्या कानाला मशीन बसवत होते. ते तुम्ही पाहिलंत, ट्यूब खाली ठेवलीत, उठलात, भिंतीपाशी जाऊन कॉम्प्रेसरचं बटण बंद केलंत. टेम्पोवाला काहीतरी म्हणाला, त्याला हातानंच थांबायला सांगितलंत. मग स्टूल ओढून बाबांच्या समोर बसलात, दाराकडून येणारा उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे. रुमाल हनुवटीखाली ओढलात आणि नेहमीच्या आवाजात विचारलंत, “बाबांनू, काय झाला?”

माझ्याकडे बघितलंही नाहीत.

दादा, गेल्या कितीतरी वर्षांत मी बाबांबरोबर बँकेत गेलेय, दवाखान्यात गेलेय, हॉटेलात, लग्नात गेलेय. सगळीकडे प्रश्न मला येतो. “काकांना साखर चालेल का?” “आजोबांची सही होते का?” डोळ्यांसमोर बसलेल्या, शुद्धीवर असलेल्या, चांगल्या शहाण्या माणसाबद्दल. तुम्ही पहिले, ज्यांनी काही न सांगता आधी आवाज बंद केला आणि मग ज्याची सायकल होती त्याला विचारलं.

बाबा बोलायला लागले ते थांबेनात. चाक कुठे भरून येतंय, पायडलवर जोर दिला की सीटखाली काय जाणवतं, आरे सैल होते हे आधीच कसं कळलं होतं, जुन्या सायकलला मागे 40 आणि पुढे 32 आरे असायचे आणि आता मागेसुद्धा 32 वर भागवतात, सगळं. तुम्ही मध्ये एकदाही “हो हो, कळलं” म्हणून तोडलं नाहीत. आऱ्यांवर बोट ठेवून विचारत होतात, बाबा उत्तर देत होते. दोन कारागिरांचं बोलणं चाललं होतं आणि माझी तिथे काही गरज नव्हती. इतकं हलकं मला त्या अख्ख्या प्रवासात वाटलं नव्हतं.

या मापाचा आरा तुमच्याकडे नव्हता. 28 इंची जुन्या सायकलचे लांब आरे होते. ते कापून, नव्यानं आटे पाडून तुम्ही बसवलेत. त्याचं तंत्र मला नीट सांगता येणार नाही, ते तुम्हा दोघांचं. मला दिसलं ते एवढंच की आरे बसल्यावर आउट काढायची, म्हणजे चाक न डुगडुगता सरळ फिरेल असं करायची वेळ आली तेव्हा तुम्ही आरे कसायची निपलची चावी बाबांच्या हातात दिलीत आणि म्हणालात, “तुमीच काढा, मी ह्याची ट्यूब बघतो.” बाबांनी सायकल उलटी केली, मांडी घालून बसले, आणि चाक फिरवत, चिमटीनं आरे दाबत, चावीला अर्धा-पाव आटा देत आउट काढला. डोळ्यांनी आणि बोटांनी. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी हत्यार दिलं नव्हतं, दादा. “तुम्ही बसा काका, आम्ही करतो” हेच ऐकत आलेत.

आणि आणखी एक. टेम्पोच्या चाकात हवा भरायची वेळ आली तेव्हा तुम्ही थेट बटण दाबलं नाहीत. आधी बाबांच्या खांद्याला हात लावलात, कॉम्प्रेसरकडे बोट दाखवलंत. बाबांनी मशीनचा आवाज कमी केला, मान हलवली, मगच चालू केलात. कानाचं मशीन सगळेच आवाज मोठे करतं, आणि शेजारी अचानक कॉम्प्रेसर सुरू झाला तर माणूस दचकून उठतो. हे आमच्या जवळच्या नातेवाइकांनाही सुचत नाही. तुम्हाला कसं कळलं असं मी विचारलं तर तुम्ही एवढंच म्हणालात की चुलते चिऱ्याच्या खाणीवर होते, त्यांचे कान असेच गेले. आणि पुन्हा कामाला लागलात.

पैसे घेतलेत तेही बरं केलंत. दोन आऱ्यांचे आणि मजुरीचे जेवढे होतात तेवढे, जास्त नाही, आणि “राहू द्या” असंही म्हणाला नाहीत. बाबांनीच मोजून दिले. दया आली म्हणून कुणी केलं असतं तर बाबांना ते जड गेलं असतं. तुम्ही त्यांना गिऱ्हाइकासारखं वागवलंत आणि आपल्याच धंद्यातल्या माणसासारखं.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. तवसाळहून जयगडला जाणाऱ्या फेरीत बाबा स्वतः तिकिटाला गेले. याआधीच्या आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेश्वी, दाभोळ-धोपावे या सगळ्या फेऱ्यांत ते सायकली धरून उभे राहायचे आणि मी जायचे. आरे-वारेच्या चढावर एका पोरांच्या टोळक्यानं सायकलींची चौकशी केली तेव्हा बाबांनी त्यांना सांगितलं, “मला ऐकायला कमी येतं, समोर येऊन बोला.” असं ते अनोळखी माणसाला म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. पोरं समोर आली, बोलली. पुढे देवगडला खोली ठरवली ती त्यांनीच, मालवणात मासळीचा भाव केला तोही त्यांनीच. रात्री मशीन काढायच्या आधी मला कुंभार्लीच्या धुक्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या गोष्टी सांगत बसायचे. मी या माणसाच्या घरात वाढले आणि त्यातल्या बऱ्याच मला ठाऊक नव्हत्या.

सभ्यपणा म्हणजे गोड बोलणं असं आपल्याकडे फार जण समजतात. त्या मोठ्या दुकानात सगळे गोडच बोलत होते. थंड पाणी दिलं, खुर्ची दिली, “या मॅडम” म्हणाले. तुम्ही ना खुर्ची दिलीत ना चहा विचारलात, वेळच नव्हता. पण समोरच्या माणसाला काय अडतंय ते पाहिलंत आणि आपल्या हातातलं काम थांबवलंत. त्याला पैसा लागला नाही. थोडा धंदा खोळंबला, टेम्पोवाल्याची बोलणी खावी लागली, ती तुम्ही खाल्लीत. बँकेच्या खिडकीत मान खाली घालून कीबोर्डकडे बघत बोलणारे कर्मचारी, तोंडावर मास्क ठेवून तीन औषधांच्या वेळा सांगणारे डॉक्टर, पंखा-टीव्ही चालू ठेवून “यांना काही ऐकूच येत नाही” म्हणणारे घरातले लोक, या सगळ्यांना मला तुमच्या दुकानात आणून उभं करावंसं वाटतं. समोर या, उजेडात या, तोंड झाकू नका, ओरडू नका, आणि जे विचारायचं ते त्याच माणसाला विचारा. यापलीकडे माझी काही मागणी नाही.

आता बाबांचे निरोप. एक, तुम्ही बसवलेले दोन्ही आरे रेडीपर्यंत आणि पुढे तेरेखोलच्या फेरीपर्यंत टिकले, आउट आला नाही. दोन, आटे पाडायची तुमची डाय झिजलीय असं त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून एक डाय, दोन निपलच्या चाव्या आणि आऱ्यांचं एक बंडल त्यांनी पोस्टानं पाठवलंय. पत्ता पोस्टमनला कळेल असा लिहिलाय, फाट्याचं नाव घालून. हे दान नाही, दादा, धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाला पाठवलेलं आहे, असं लिहायला त्यांनी मुद्दाम सांगितलंय. तीन, पार्सल मिळालं की त्यांना मेसेज करा. नंबर पार्सलमध्ये आहे, माझा नाही, त्यांचाच. फोन नको, मेसेज करा, ते लगेच वाचतात आणि उत्तरही देतात.

आपली कृतज्ञ,
कऱ्हाडच्या बाबांची मुलगी