‘ब्रेक अ लेग’ लिंकनच्या मारेकऱ्यापासून आलेला नाही

संपादक महोदय,

गडकरी रंगायतन असो की घाणेकर नाट्यगृह, तिसऱ्या घंटेआधी विंगेत हल्ली ‘ब्रेक अ लेग’ (शब्दशः ‘पाय मोडो’) ही इंग्रजी शुभेच्छा कानावर पडते. त्याला जोडून एक कथाही मोबाइलवर फिरते: अब्राहम लिंकनचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ हा नट, नाट्यगृहात गोळी झाडून तो प्रेक्षकांच्या बॉक्समधून थेट रंगमंचावर उडाला, पाय मोडला आणि हा वाक्प्रचार जन्मला. हत्या खरी, १४ एप्रिल १८६५ ची. व्युत्पत्ती मात्र टिकत नाही.

अशा शुभेच्छेचा इंग्रजीतला जुना छापील उल्लेख १९२१ चा, आयरिश निबंधकार रॉबर्ट लिंड यांच्या लेखातला. आणि तोही घोड्यांच्या शर्यतीविषयी! तिथे ‘यश मिळो’ म्हणणे अपशकुनी, म्हणून ‘पाय मोडो’ म्हणावे, असे ते लिहितात. अंधश्रद्धेत शर्यतवाल्यांच्या खालोखाल ते नाटकवाल्यांना बसवतात. नटांची शुभेच्छा म्हणून ती छापलेली स्पष्ट दिसते १९४० च्या दशकात. बूथपासून शब्द रुजला असता, तर मधल्या काळातल्या नटांच्या आठवणींत, पत्रांत तो सापडायला हवा होता.

विंगेच्या उभ्या पडद्यांना इंग्रजीत ‘लेग’ म्हणतात; ते ओलांडून रंगमंचावर आलेल्यालाच पैसे मिळत, म्हणून ‘ब्रेक अ लेग’, हीसुद्धा एक उपपत्ती. पडद्याचे नाव खरे असल्यामुळे ती चटकन पटते, पण त्या काळचा लेखी आधार तिला नाही.

अधिक वजनाचा धागा जर्मन आहे. ‘हाल्स उंड बाइनब्रुख’, म्हणजे मान मोडो, पाय मोडो. पहिल्या महायुद्धातले जर्मन वैमानिक उड्डाणाआधी एकमेकांना हेच म्हणत. यिडिश या युरोपीय ज्यूंच्या भाषेतल्या ‘हत्स्लोखे उन ब्रोखे’चा (यश आणि आशीर्वाद) हा अपभ्रंश, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. ‘ब्रोखे’ आणि ‘ब्रुख’ मोठ्याने म्हणून पाहावे.

यामागचा विचार आपल्याला परका नाही. मुले जगत नसली की पुढच्याचे नाव धोंडू, दगडू ठेवायचे, गोऱ्या गालावर काजळाची तीट लावायची. वाईट नजरेला आधीच चकवायचे. मात्र बोलण्यात आपली रीत नेमकी उलटी. आपण नारळ ‘वाढवतो’, निघताना ‘येतो’ म्हणतो. म्हणूनच शुभारंभाच्या प्रयोगाच्या शुभेच्छापत्रांवर ‘पाय मोडो’ असे शब्दशः भाषांतर छापले जाते, तेव्हा ते खटकते. तिथे ‘प्रयोग रंगू दे’ पुरेसे आहे.

इंग्रजी शब्दच हवा असेल, तर तो पडदा उघडण्याआधी म्हणावा. प्रयोग संपल्यावर त्याला अर्थ उरत नाही. आणि उत्तराचाही एक संकेत असतो. जर्मन नट ‘टॉय टॉय टॉय’ ही त्यांची शुभेच्छा ऐकून आभार मानत नाहीत, तसे केल्याने शकुन बिघडतो असे मानतात. इटलीत ‘लांडग्याच्या तोंडी जा’ म्हटले की उत्तर ठरलेले: ‘मरो तो!’

– काही नाट्यकर्मी, नौपाडा, ठाणे