एका हुकासाठी अख्खा सेट?

संपादक साहेब, स.न.वि.वि.
नातवाच्या एचओ मापाच्या (१६.५ मिमी रुळावरच्या) मॉडेल ट्रेनच्या डब्याचा कपलर तुटला, डबे जोडणारा एवढुसा प्लास्टिकचा हुक, तर दुकानदार म्हणतो काका नवा सेटच घ्या! सुटे पार्ट ठेवतच नाहीत म्हणे. गोंद लावून बघा सांगणारे खूप भेटतात, पण बरेच कपलर ॲसिटल प्लास्टिकचे असतात, ते इतकं गुळगुळीत की साधा गोंद धरतच नाही (एबीएस प्लास्टिकचं असतं तर छान चिकटलं असतं). शेवटी ओळखीच्या पोराने थ्रीडी प्रिंट काढून दिला, जरा जाड आला तो कानशीने घासून बसवला. इथल्या जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी बघायला लोक कुठून कुठून येतात, आणि त्याच ग्वाल्हेरात खेळण्यातल्या गाडीचा हुक मिळू नये? दुकानदारांनो, चार कपलर ठेवा की, पैसे देऊनच घेऊ.
– एक आजोबा, लश्कर, ग्वाल्हेर