मी थांबलेय, आता बाबांचा डोळा

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगायला गेले की बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणतात, आई आधी जेवलीस का विचारते आणि मग सगळा फोन भाजीवर जातो, म्हणून हे टाइप करतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, कारण बाबा मोबाइल नाकाला लावून वाचतात आणि नंतर डोकं धरून बसतात. त्या विषयावर मी येणारच आहे बाबा, मधेच पान उलटू नका.

तर, मी एमएमएच्या फाइट्स थांबवल्यात, त्या जाळीच्या केजमधल्या, ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या. पुढची जी आली होती तिला नाही कळवून टाकलंय, कोचशी बोलून झालंय, रडून पण झालंय, आता बरी आहे. बाबांनी कोचला फोन करायचा नाही हं. ते एका शब्दाने मला अडवायला आले नाहीत आणि तुम्ही फोन केलात तर बिचारे उगाच अर्धा तास सॉरी म्हणत बसतील.

आई, तू घाबरायच्या आधी हे वाच: मला दिसतंय. दोन्ही डोळ्यांनी, अगदी स्वच्छ. परवा तुझ्या साडीच्या काठावरचा हळदीचा डाग पण मलाच दिसला होता, आठव. झालं एवढंच की उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले म्हणून लगेच दाखवलं, तर आतल्या पडद्याला कडेला एक बारीक चीर निघाली. गोधडी उसवायला लागली की तू कडेने टाचे घालतेस ना, तसं त्यांनी लेझरने त्या चिरेच्या भोवतीने करून दिलं. थोडं चरचरलं, बाकी काही नाही, संध्याकाळी घरी येऊन वरणभात खाल्ला. आता चालणं-फिरणं, गाडी, मोबाइल सगळं चालू आहे. फक्त डोक्यावर फटके नकोत, कारण पडदा सुटला तर मोठं ऑपरेशन आणि मग नजर पूर्ण परत येईलच असं कुणी सांगू शकत नाही.

बाबा म्हणणार, जपून खेळ की मग. केजमध्ये जपून कसं खेळणार हो? कुस्तीत निदान ठोसा तरी नाही. इथे चार औंसाचा ग्लोव्ह, म्हणजे सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही, बोटं मोकळी, ठोसा वाचवला तरी चुकून बोट डोळ्यात जातंच. आणि फाइटच्या पंधरा मिनिटांचं सोडा, खरा मार रोजच्या स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत असतो, तो तुम्हाला कधी दिसलाच नाही आणि दाखवायचा पण नव्हता.

यूएफसी, म्हणजे एमएमएची ती सगळ्यात मोठी कंपनी, तिथला बिस्पिंग आठवतो ना? आई ज्याला 'तो तोंडाळ इंग्रज' म्हणायची तो. जून २०१६, रविवारची सकाळ, आईचे पोहे गॅसवर आणि बाबा टीव्हीसमोर उकिडवे. चॅम्पियन रॉकहोल्डसमोर सतरा दिवस आधी बोलावलेला माणूस, कुणी त्याला हिशोबात धरलं नव्हतं, त्याच रॉकहोल्डने २०१४ मध्ये सिडनीला त्याला गळा धरून टॅप करायला, म्हणजे हार मानायला लावलेलं. आणि पहिल्याच राउंडमध्ये तो डावा हुक, रॉकहोल्ड आडवा. बाबा एवढ्यांदा ओरडले की जोशीकाकू वर बघायला आल्या. मग ऑक्टोबरमध्ये मँचेस्टरला हेंडरसन, ज्याने २००९ मध्ये लास व्हेगासला याला आडवा केला होता आणि आडवा झाल्यावर पण वरून उडी मारून एक हाणला होता, त्याला याने पाच राउंड खेळून पॉइंट्सवर हरवलं, स्वतः दोनदा खाली बसून. त्या दिवशी बाबा म्हणाले होते, याला म्हणतात पैलवान.

तेव्हा आपल्याला एक गोष्ट माहीत नव्हती बाबा. तो हे सगळं एका डोळ्याने करत होता. जानेवारी २०१३, साओ पाउलो, बेलफोर्टची लाथ डोक्यावर बसली आणि उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशनं झाली पण त्या डोळ्याची नजर गेली. आता त्यावर खोटा डोळा बसवलेला आहे, कॅमेऱ्यासमोर काढून दाखवतो हसत हसत. मेडिकलला काहीबाही युक्त्या करून पास व्हायचो हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. म्हणजे चॅम्पियन झाला ती रात्र पण तशीच.

लोक ही गोष्ट जिद्द म्हणून सांगतात. मी पण सांगितलीय, बॅचमधल्या पोरांना, हातवारे करून. अजूनही मला त्या माणसाचं कौतुकच आहे, कारखान्यात मिळेल ते काम करून घर चालवलेला माणूस, लहान पोरं, हातात आलेलं एकमेव चांगलं काम, तो सोडणार कसा. पण हल्ली मी ती गोष्ट वाचते तेव्हा माझं लक्ष हुककडे जातच नाही, मी हिशोब करत बसते की २०१३ ते २०१७, एवढी वर्षं रोज सकाळी जिममध्ये जाऊन उजवीकडून येणारा हात न दिसता हा स्पॅरिंग कसं करत असेल. आणि त्याच्या बायकोला घरी काय वाटत असेल.

शेवट तर तुम्हाला माहितीच आहे. ४ नोव्हेंबर २०१७ ला न्यूयॉर्कला जीएसपीने, म्हणजे जॉर्ज सेंट-पिएरने चॅम्पियनचा बेल्ट घेतला, गळा आवळून, आणि हा पठ्ठ्या तीन आठवड्यांत परत शांघायला उभा. पहिल्या राउंडमध्ये गॅस्टेलमने झोपवला. आपण त्या दिवशीच्या फाइट्स आपल्या भरत खंडारेसाठी लावल्या होत्या, तो पण त्याच दिवशी सॉंग यादोंगकडून हरला, आणि बाबा जेवले नव्हते नीट. त्या फाइटनंतर बिस्पिंगला चांगल्या डोळ्यात चमका दिसायला लागल्या आणि मग २०१८ मध्ये तो थांबला. मला चमका दिसायची वाट बघायची नाहीये. बस, एवढंच आहे माझं म्हणणं, बाकी सगळं मी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून लिहितेय.

बाबांचा पुढचा मुद्दा मला पाठ आहे: जीएसपी चार वर्षं थांबून आलाच ना परत? आला. २०१३ ला गेला, २०१७ ला आला, वरच्या वजनात जिंकला, आणि पोटाच्या आतड्याच्या आजारामुळे महिनाभरानंतर बेल्ट परत दिला, आणि २०१९ मध्ये कायमचं थांबतो म्हणाला. आई, तुझा लाडका, वाकून नमस्कार करणारा. पण तो जीएसपी आहे बाबा. माझं रेकॉर्ड तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या डायरीत लाल पेनाने लिहिलंय, हरलेल्या पण.

आणि त्या रशियाच्या खबीब नूरमागोमेदोवचं तर तुम्ही काढूच नका. मला माहितीये तो तुमचा देव. लहानपणी अस्वलाच्या पिल्लाशी झोंबतानाचा त्याचा व्हिडिओ तुम्ही अख्ख्या डेपोला दाखवलाय. "बघ, दुहेरी पट कसा काढतो, हा दागेस्तानचा नाही, आपल्या मातीतला आहे." २९ पैकी २९ जिंकून गेला. पण तो कशाने गेला? जुलै २०२० मध्ये त्याचे वडील गेले, ज्यांनी त्याला लहानपणापासून शिकवलं, आणि ऑक्टोबरला अबू धाबीत गेथजीला हरवून त्याने ग्लोव्ह केजमध्ये ठेवले, आईला शब्द दिलाय म्हणाला, वडिलांशिवाय खेळणार नाही. आपण रात्री जागून बघितलं होतं, तुम्ही चष्मा पुसायच्या निमित्ताने आत गेलात. तेव्हा मला वाटलं, याला हे त्यांच्या समोर करता आलं नाही. मला येतंय. तुम्ही आहात, आई आहे, मी तुम्हाला सांगून थांबतेय, हे माझ्यासाठी खूप आहे.

एक गोष्ट मात्र खुपते ती लिहूनच टाकते. २०२४ ला पूजा तोमर लुइव्हिलला जिंकली, यूएफसीत फाइट जिंकणारी पहिली भारतीय मुलगी, माझ्याच वजनात, तेव्हा तुम्ही म्हणालात "पुढची आपली". मी काहीच बोलले नाही, पण ते वाक्य घेऊन फिरत होते. ते आता होणार नाही. वाईट वाटून घ्या थोडं, मलाही वाटतंय, पण आईसमोर तोंड पाडून बसू नका, तिला वाटतं तिच्या नवसामुळे झालं.

आई, तुझ्या नवसामुळे झालेलं नाही. आणि झालं असेल तर थॅंक्यू.

तू खूश हो की! आता वजन उतरवणं बंद. बावन्न किलोसाठी पाणी तोडून, मिठाच्या गरम पाण्यात बसून, थुंकून थुंकून ते शेवटचे दीड-दोन किलो काढायचे, तू दाराबाहेर उभी राहून "अगं काय करतेस आत" विचारायचीस, ते सगळं संपलं. पुरणपोळी तुपासकट. रोज भात. झोप रात्री दहाला. कामाचं पण झालंय, धनकवडीला संध्याकाळची मुलींची बॅच आणि सकाळी लहान पोरांची कुस्ती, पगार सुरुवातीला बेताचा आहे पण वेळेवर आहे. फ्लॅटचं भाडं निघतं, गॅस आहे, डबा नाही लागत, मी स्वतः करते, वहिनीला विचार, तिने खाल्लीय माझी आमटी. एकटी राहते म्हणून रात्री जाग येऊन काळजी करत जाऊ नकोस, शेजारच्या काकू माझ्यापेक्षा जास्त लक्ष ठेवून असतात, जरा जास्तच.

माझ्या फुकेतच्या ट्रेनिंगसाठी मोडलेल्या त्या एफडीचं मी विसरलेले नाही. दर महिन्याला थोडे टाकणार आहे तुमच्या खात्यात. बाबा चिडतील, चिडू देत. फुकेतला जे शिकले तेच आता पोरींना शिकवून पोट भरणार आहे, म्हणजे पैसे वाया गेलेले नाहीत, हे त्यांना जेवल्यानंतर सांग, आधी नको.

बाबा, मला हल्ली ती गच्ची फार आठवते. तालमीत मुलगी घेत नाहीत म्हटल्यावर तुम्ही मातीची पोती वर चढवलीत, ताक, तेल, हळद घालून ती मळलीत आणि जोशीकाकूंच्या छताला ओल आली. रात्रपाळी करून स्वारगेटहून यायचात, खाकी शर्ट तसाच, आणि पाचला मला तळजाईला पळवायचात, स्वतः मागून सायकलवर, "मान वर, मान वर". मी दमले की खिशातून शेंगदाण्याची चिक्की. आणि आई, माझा कान पहिल्यांदा सुजून फुटला तेव्हा तू आठवडाभर बोलली नाहीस, आणि मग मावशीच्या लग्नात गुपचूप माझे केस असे बांधलेस की कान झाकला जाईल, वर मोगऱ्याचा गजरा. मी झोपल्यावर त्याच कानामागे तेल लावायचीस. मला कळायचं. मी जागीच असायचे.

बरं, आता तो दुसरा विषय. बाबा, पान उलटू नका म्हटलंय ना.

तुमचा मोतीबिंदू. "अजून पिकला नाही" हे कारण आता बंद. पिकायची वाट पूर्वी बघायचे, हल्ली बघत नाहीत, उलट फार पिकला तर काढायला अवघड जातो. डोळ्यात थेंब टाकून बधिर करतात, इंजेक्शन बहुतेक वेळा लागत नाही, आत लेन्स बसवतात आणि त्याच दिवशी घरी. तुम्हाला रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती वर्तुळं दिसतात हे तुम्ही मला नाही, पण दादाला सांगितलंत. तरी संध्याकाळी स्कूटर काढून मंडईत जाता. आजपासून स्कूटरची चावी आईकडे. आई, तू ती देव्हाऱ्यात ठेव, तिथून ते घेणार नाहीत.

मी माझा डोळा दाखवला, पोटापाण्याचं काम सोडलं, तुम्हाला एक सकाळ काढता येणार नाही का? हे जरा जास्त बोलले. पण राहू दे लिहिलेलं.

शुगर आधी कंट्रोलमध्ये लागेल, नाहीतर ते तारीख पुढे ढकलतात, त्यामुळे आठवडाभर चहात साखर नाही, आणि "अर्धा चमचा" पण नाही. बीपीची गोळी सकाळचीच, आठवेल तेव्हाची नाही. ऑपरेशननंतर डोक्यावरून पाणी नाही, वाकून बादली उचलायची नाही, डोळा चोळायचा नाही, थेंब वेळच्या वेळी, मी फोनवर अलार्म लावून देईन, वाजला की बंद करून झोपू नका. आणि गच्चीवर जाऊन जोर काढायचे नाहीत, मला माहितीये तुम्ही काढता. आई, तुझ्या गुडघ्याचं बाबांचं झालं की लगेच, सुटलीस असं समजू नकोस.

गुरुवारी तपासणी आहे. मी सकाळी साडेआठला रिक्षा घेऊन खाली उभी राहीन, वर येणार नाही, कारण वर आले की आई चहा टाकते आणि आपण दहाला निघतो. जुने रिपोर्ट त्या निळ्या पिशवीत आहेत. आई, तू पण चल, तिथे कँटीनला चांगली इडली मिळते.

तुमची,
मनू

ता. क. नंदाआत्याला इतक्यात सांगू नका. ती लगेच स्थळं पाठवायला लागेल.