ओगासावारा मुक्काम: आधी खोली, मग तिकीट

नमस्कार मंडळी,

जपानच्या ओगासावारा बेटांपैकी चिचिजिमा या बेटावर विमानतळ नाही. तोक्योच्या ताकेशिबा धक्क्यावरून बोटीने सुमारे १००० किलोमीटर, पूर्ण २४ तास. आठवड्यात साधारण एकच फेरी, त्यामुळे परतीची तारीख बोटच ठरवते. रजा त्या हिशेबाने टाका. बेटावर तंबू ठोकायला मनाई आहे, म्हणून खोली पक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नका. शाकाहारींनी जेवणाचं तेव्हाच सांगून ठेवावं.

कळकळीची विनंती बुटांबद्दल. तळव्याच्या खाचांत अडकलेली माती, गवताचं बी जुन्या टूथब्रशने खरवडून काढा. ही बेटं मुख्य भूमीला कधीच जोडलेली नव्हती, म्हणून बाहेरून आलेलं बी-माती इथल्या जिवांना धोक्याची. इथल्या बहुतेक मूळ गोगलगायी जगात इतरत्र नाहीत. २०११पासून ही बेटं जागतिक वारसा आहेत. बोट लागण्यावरची गोळी विसरू नका.