पहिला मान एअरस्टरचा

महोदय,

विमानांच्या नियमांचा जाच होतो, अशी कुरकुर नेहमी कानावर येते. नियम नव्हते तेव्हाचे चित्र पाहावे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराची 'जेनी' द्विपंखी विमाने स्वस्तात विकली गेली. लाकडी सांगाडा, वर कापड. देशपातळीवर ना परवाना, ना तपासणी. कायदा आला १९२६ मध्ये. २९ मार्च १९२७ रोजी पहिले टाइप सर्टिफिकेट, म्हणजे विमानाचा आराखडा सुरक्षित असल्याचा सरकारी दाखला, मिळाले बुहल एअरस्टर या तीन आसनी द्विपंखी विमानाला. विमान विस्मृतीत गेले, आराखडा सरकारकडून तपासून घेण्याची रीत मात्र टिकली. गंमत म्हणजे या कायद्याखालचा पहिला वैमानिक परवाना ऑर्व्हिल राइट यांनी नाकारला. अखेर तो परवाने देणाऱ्या सरकारी विमान विभागाचे प्रमुख विल्यम मॅक्रॅकन यांनीच घेतला!

– एक वाचक, पुणे