गोळी दिली, त्रास कोण सांगणार?

महोदय,

नैराश्यावरची एस्सिटालोप्रॅमची गोळी मी मे महिन्यात सुरू केली. गोळीविरुद्ध माझी तक्रार नाही, तिने मला पुन्हा माणसात आणलं. पण त्रास काय होईल हे मला कुणी आधी सांगितलं नाही. मळमळायला लागलं, तर मी पित्त समजून सोलकढी पीत बसलो. रातांबे फोडताना हात थरथरत होते. भजनाला बसलो की जांभयांवर जांभया. मेमध्ये कोकणात घाम कुणाला येत नाही म्हणा, पण पहाटे तीनला उशी भिजलेली असायची.

शेजारी म्हणाले, "सवय लागंल, सोड." सोडली. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात झिणझिण वीज, आणि जमिनीवर चालताना होडीत उभं राहिल्यासारखं. मला वाटलं, आजारच उलटला. तो गोळी एकदम तोडल्याचा परिणाम होता. डॉक्टरांनी कमी मात्रेपासून पुन्हा सुरू केली, तीही सकाळी न्याहारीनंतर. मळमळ दोन आठवड्यांत थांबली. लैंगिक इच्छा मात्र मंदावली ती मंदावलीच. ते डॉक्टरांशी बोलायला मला दोन महिने लागले.

गुण यायला काही आठवडे जातात, त्रास पहिल्याच दिवशी हजर! औषधाच्या पाकिटासोबत एवढं लिहिलेली मराठी चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे? खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही छापावा. आमच्या गावातून डॉक्टरांकडे जायला दोन एसट्या बदलाव्या लागतात.

– एक वाचक, देवगड